बुकिंग कॅन्सल झालं, आता काय? सुट्टीसाठी घर भाड्याने देणाऱ्या होस्टसाठी सविस्तर पद्धत

होस्टिंगच्या पहिल्या वर्षी मला एक बटण फार महागात पडलं. चेक-इनला तीन दिवस उरले होते आणि पाहुण्यांचा मेसेज आला: "ताई, आमचं येणं रद्द झालंय. मी कॅन्सल केलं तर निम्मेच पैसे परत दाखवतंय. तुम्ही तुमच्या बाजूनं कॅन्सल करता का? आम्हाला पूर्ण मिळतील, तुमचंही काही जाणार नाही." बोलणं गोड होतं, कारणही खरं वाटलं. मी केलं कॅन्सल. मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. त्या रात्री कॅलेंडरवर कुलूपबंद झाल्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला द्यायची सोयच उरली नाही. पुढच्या पेआउटमधून, म्हणजे साइटकडून मला मिळणाऱ्या पैशांतून, दंड वळता होणार होता. आणि माझ्या खात्यावर नोंद लागली, की बुकिंग होस्टने रद्द केलं. पूर्ण पैसे द्यायचेच होते, तर पाहुण्यांना कॅन्सल करू देऊन उरलेली रक्कम मी वेगळा रिफंड म्हणून पाठवू शकले असते. दंड नाही, नोंद नाही, तारखाही मोकळ्या. हे मला दुसऱ्या दिवशी एका जुन्या होस्टनं सांगितलं, तेव्हा कपाळावर हात मारण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

त्यानंतर मी हा विषय वही-पेन घेऊन शिकले. पाहुणे खरं बोलतायत की खोटं, यावर मी आधी फार डोकं चालवायची. आता चालवत नाही. रिकामी झालेली रात्र पुन्हा द्यायला आपल्या हातात किती दिवस उरतात, एवढं एकच बघते. कॅन्सलेशनची पॉलिसी (किती दिवस आधी रद्द केलं तर किती पैसे परत, हा नियम) कोणती घ्यायची, मेसेजला काय उत्तर द्यायचं, किती रिफंड द्यायचा, हे सगळं तिथूनच ठरतं.

पायरी १: पाहुणे किती दिवस आधी बुक करतात ते मोजा

पॉलिसी निवडण्याआधी हे करा. एक संध्याकाळ पुरते. मागची ३० बुकिंग घ्या. प्रत्येकापुढे बुकिंग झालं ती तारीख, चेक-इनची तारीख आणि दोन्हींतलं दिवसांचं अंतर लिहा. अंतरं लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मधला आकडा बघा. सरासरी काढू नका. सहा महिने आधी बुक करणारं एखादंच कुटुंब सरासरी पार बिघडवतं.

गर्दीचा हंगाम आणि एरवीचे दिवस वेगळे मोजा, नाहीतर आकडा फसवा येतो. माझ्याकडे एरवी मधला आकडा ११ दिवसांचा निघाला आणि हंगामात ४८ दिवसांचा. म्हणजे एरवी कुणी दोन आठवडे आधी कॅन्सल केलं तर मला फारसा फरक पडत नाही, कारण माझी निम्मी बुकिंग त्यानंतरच येतात. हंगामात मात्र दोन आठवडे आधी रिकामी झालेली रात्र बहुतेक रिकामीच जाते. तोवर लोकांनी आपापली सोय लावलेली असते.

घर किती मोठं, यावरही हे ठरतं. दोघांसाठीची खोली आदल्या दिवशीसुद्धा जाते. बारा जणांचं घर तसं जात नाही, कारण बारा माणसांना एकाच तारखेला गोळा करायलाच महिना लागतो. त्यामुळे मोठं घर असलेल्या होस्टनं कडक पॉलिसी लावली तर तिला लोभी म्हणू नका. तिचं गणितच वेगळं असतं.

याच यादीत एक रकाना वाढवा: जी बुकिंग रद्द झाली, त्यातल्या किती रात्री पुन्हा भरल्या आणि कोणत्या दरानं? हा आकडा पुढे दोनदा लागणार आहे.

पायरी २: पॉलिसीच्या नावावर जाऊ नका, दिवस वाचा

एअरबीएनबी आणि व्हर्बो अशा दोन बुकिंग साइटवर घर टाकलेले होस्ट इथे हमखास फसतात. 'मॉडरेट' म्हटलं की एअरबीएनबीवर चेक-इनच्या ५ दिवस आधीपर्यंत पूर्ण रिफंड. व्हर्बोवर त्याच नावाची पॉलिसी ३० दिवस आधीपर्यंत पूर्ण आणि १४ दिवस आधीपर्यंत निम्मा रिफंड देते. 'फर्म' घेतली तर एअरबीएनबीवर ३० दिवस आधीपर्यंत पूर्ण आणि ७ दिवस आधीपर्यंत निम्मा, व्हर्बोवर ६० दिवस आधीपर्यंत पूर्ण आणि ३० दिवस आधीपर्यंत निम्मा. एकच शब्द, पण अंतर महिन्याचं.

एअरबीएनबीवर सगळ्यात सैल 'फ्लेक्सिबल', चेक-इनच्या २४ तास आधीपर्यंत पूर्ण रिफंड. ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी 'लिमिटेड' नावाची मधली पॉलिसी आणली: १४ दिवस आधीपर्यंत पूर्ण, ७ दिवस आधीपर्यंत निम्मा. तेव्हापासूनच नव्या लिस्टिंगसाठी, म्हणजे साइटवर नव्यानं टाकलेल्या घरांसाठी, 'स्ट्रिक्ट'चा पर्याय बंद झाला. आणखी एक बदल झाला तो होस्टच्या लक्षात राहत नाही: चेक-इनला किमान ७ दिवस असताना केलेलं बुकिंग २४ तासांच्या आत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, मग तुमची पॉलिसी काहीही असो. त्यामुळे बुकिंग आलं की पहिला दिवस ते पक्कं धरू नका. सफाईवाल्यांना, दुरुस्तीवाल्यांना तारीख कळवायची ती दुसऱ्या दिवशी.

व्हर्बोवर याखेरीज 'रिलॅक्स्ड' आहे, म्हणजे १४ दिवसांपर्यंत पूर्ण आणि ७ दिवसांपर्यंत निम्मा. 'स्ट्रिक्ट' म्हणजे ६० दिवसांपर्यंत पूर्ण आणि नंतर काहीच नाही. शिवाय सरळ 'नो रिफंड' हाही पर्याय आहे. बुकिंग डॉट कॉमची रचना वेगळी. तिथे एकाच खोलीला दोन दर लावता येतात, एक फुकट कॅन्सल होणारा आणि एक विना-परतावा, आणि पाहुणे आपल्या सोयीनं निवडतात.

आता पायरी १ मधला आकडा इथे वापरा. पूर्ण रिफंडची मुदत तुमच्या मधल्या आकड्याच्या किंचित पुढे असावी. ११ दिवस असेल तर १४ दिवसांची पॉलिसी बसते. ४८ असेल तर ६० ची. ११ दिवस असताना ३० दिवसांची लावली, तर हाती काही जास्त लागत नाही. लिस्टिंगवरची कडक अट बघून सावध पाहुणे मात्र शेजारच्या घराकडे वळतात. कॅन्सलेशनच्या भीतीपोटी बुकिंगच गमावण्याचा हा प्रकार मी वर्षभर केला.

मुदत दिवसांत लिहिलेली असली तरी मोजली तासांत जाते. एअरबीएनबीवर ती घर जिथे आहे तिथल्या वेळेनुसार, चेक-इनच्या वेळेपासून मागे मोजतात. चेक-इन शनिवारी दुपारी ३ ला असेल तर ५ दिवसांची मुदत सोमवारी दुपारी ३ ला संपते, सोमवारी रात्री बाराला नाही. निम्मी भांडणं या नऊ तासांवरून होतात. पाहुणे दुसऱ्या टाइम झोनमधले असले की आणखी गोंधळ.

२८ रात्री किंवा त्याहून लांब मुक्कामाला एअरबीएनबी वेगळी, दीर्घ मुक्कामाची पॉलिसी लावतं. महिनाभरासाठी घर देत असाल तर ती सेटिंगमध्ये स्वतंत्रपणे तपासा. आपण निवडलेलीच पॉलिसी लागू होईल असं गृहीत धरू नका.

पायरी ३: विना-परतावा दराचं गणित करून बघा

'१० टक्के सूट द्या, पैसे परत द्यावे लागणार नाहीत' हे ऐकायला छान वाटतं. एअरबीएनबीवर हा पर्याय १० टक्के सवलतीचाच आहे. तो तुम्हाला परवडतो का, हे घरागणिक बदलतं.

समजा १०० बुकिंगपैकी १० पूर्ण रिफंडच्या मुदतीत रद्द होतात आणि त्यातली ५ पुन्हा भरतात. म्हणजे सैल पॉलिसीनं तुमचं खरं नुकसान शंभरामागे पाचाचं. ते वाचवायला तुम्ही दहाची सूट देताय. हा उलटा व्यवहार झाला. पण २० रद्द होत असतील आणि त्यातली ५ च भरत असतील, तर नुकसान १५ चं आहे आणि १० ची सूट परवडते.

कागदावरच्या या हिशोबातूनही हातचं राखून धरा. विना-परतावा दर घेतो कोण? ज्याचं यायचं आधीच ठरलंय तो. ज्याच्या मनात शंका आहे तो मुद्दाम जास्त पैसे भरून कॅन्सल होणारा दर घेतो. म्हणजे सूट जाते ती तसंही येणाऱ्यांना. मी हा पर्याय एरवी बंद ठेवते आणि फक्त हंगामाच्या तारखांना उघडते.

पायरी ४: थेट बुकिंग घेत असाल तर अट स्वतः लिहा

साइटवरून आलेल्या बुकिंगला साइटचे नियम असतात. फोनवरून, ओळखीतून किंवा स्वतःच्या वेबसाइटवरून आलेल्या बुकिंगला नियम नसतो, तो तुम्ही लिहावा लागतो. आणि तो पैसे घेण्याआधी पाहुण्यांच्या डोळ्यांखालून गेला पाहिजे. याचं व्यावहारिक कारण आहे. पाहुण्यांनी कार्डावरून पैसे भरले असतील आणि नंतर बँकेकडे तक्रार करून चार्जबॅक (बँकेमार्फत पैसे परत) मागितला, तर बँक तुम्हाला विचारते की ही अट ग्राहकाला खरेदीच्या वेळी दाखवली होती का. पैसे घेतल्यानंतर पाठवलेल्या पीडीएफचा तिथे उपयोग होत नाही. अट वाचल्याची टिक किंवा 'अटी मान्य आहेत' असं मेसेजमधलं उत्तर, यांपैकी काहीतरी हाताशी हवं.

एरवीच्या दिवसांसाठी मी लिहिते तो मजकूर असा आहे:

"चेक-इनच्या १४ दिवस आधी, दुपारी ३ वाजेपर्यंत लेखी कळवल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल. त्यानंतर ७ दिवस आधीपर्यंत निम्मी रक्कम परत मिळेल. त्यापुढे परतावा नाही. मात्र रद्द झालेल्या रात्री दुसऱ्या पाहुण्यांनी घेतल्या, तर आमची मूळ रक्कम भरून निघाल्यावर वर राहील ते तुम्हाला परत करू. मुक्काम सुरू झाला नसेल तर सफाई शुल्क आणि सुरक्षा ठेव नेहमी पूर्ण परत. तारीख बदलून घेतल्यास कॅन्सलेशनची मुदत मूळ चेक-इनपासूनच मोजली जाईल."

शेवटचं वाक्य अनुभवातून आलंय. एका पाहुण्यांनी चेक-इनच्या चार दिवस आधी तारीख दोन महिने पुढे ढकलली, मी आनंदानं हो म्हटलं, आणि आठवड्यानं त्यांनी ती नवी तारीख नियमानुसार पूर्ण रिफंडसह रद्द केली. त्यांनी नियम मोडला नव्हता. नियमात भोक होतं आणि ते मीच ठेवलं होतं.

'लेखी' हा शब्दही काढू नका. "मी फोनवर सांगितलं होतं की बहुतेक जमणार नाही" या वाक्याची तारीख आणि वेळ कुणालाच सांगता येत नाही.

युरोपीय संघातले पाहुणे कधीकधी ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत परत करण्याच्या हक्काचा दाखला देतात. तो हक्क तिथे आहे, २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात तो दिलेला आहे. पण ठरावीक तारखांच्या निवासाला त्याच निर्देशात अपवाद केलाय. कुणी तो मुद्दा काढला तर वाद न घालता एवढं सांगितलं तरी पुरतं.

रिफंड करताना एक छोटा खर्च डोक्यात ठेवा. अनेक पेमेंट सेवा पैसे परत पाठवले तरी मूळ व्यवहाराचं आपलं शुल्क परत देत नाहीत. ते कुणी सोसायचं, हेही अटीतच लिहावं. मी ते स्वतः सोसते. त्यावरून भांडण्यात रक्कमेपेक्षा वेळ जास्त जातो.

पायरी ५: मुदत संपण्याआधी आपणहून सांगा

बुकिंग झालं त्याच दिवशी मी एक मेसेज पाठवते, आणि त्यात 'आमची पॉलिसी १४ दिवसांची आहे' असं लिहीत नाही. तारीख लिहिते: "तुम्हाला ८ तारखेला दुपारी ३ पर्यंत पूर्ण रिफंडसह कॅन्सल करता येईल. त्यानंतर निम्मे पैसे परत मिळतील. प्रवास विमा घेणार असाल तर तो आत्ताच घेतलेला बरा." दिवस मोजायचं काम पाहुण्यांवर टाकलं की चूक होते आणि राग आपल्यावर निघतो.

मुदतीच्या दोन दिवस आधी पुन्हा एक ओळ: "तुमचं येणं नक्की आहे ना? काही बदल असेल तर ८ तारखेच्या आत कळवा, म्हणजे तुमचे पैसे अडकणार नाहीत."

हे सांगितलं की बरेच होस्ट म्हणतात, अगं, तू तर लोकांना कॅन्सल करायची आठवण करून देतेस! देते. ज्यांचं डळमळीत आहे ते तसेही रद्दच करणार, फक्त चार दिवस आधी. मला ते चौदा दिवस आधी कळलं तर ती रात्र दुसऱ्याला देता येते. शिवाय ज्याला आठवण केली होती तो माणूस नंतर "मला माहीतच नव्हतं" म्हणत नाही.

पायरी ६: "येऊ शकत नाही" असा मेसेज आला की

इथे सावकाश जाऊ या, कारण पैसे आणि नाती दोन्ही इथेच जातात.

सगळ्यात आधी, काहीही दाबू नका. बुकिंग उघडा, चेक-इनची वेळ बघा, मुदतीत किती तास उरलेत ते मोजा. पूर्ण रिफंडच्या मुदतीला तीन तास उरले असतील तर पहिलं काम म्हणजे पाहुण्यांना तेच कळवणं. त्यांना उत्तर द्यायला आपण रात्रभर लावली आणि मुदत निघून गेली, तर नियमानं पैसे आपले असले तरी ते पचत नाहीत.

मग उत्तर. मी मेसेज साइटच्या इनबॉक्समध्येच लिहिते, दुसरीकडे बोलणं झालं तरी त्याचा सारांश तिथे टाकते. नंतर वाद झाला तर साइटवाले तेवढंच वाचतात. उत्तर साधारण असं असतं:

"नमस्कार. अडचण कळली, काळजी घ्या. तुम्ही आत्ता कॅन्सल केलंत तर पॉलिसीनुसार निम्मी रक्कम आपोआप परत येईल. उरलेल्या रकमेबद्दल मी असं करते: तुम्ही कॅन्सल केल्याबरोबर मी या रात्री पुन्हा खुल्या करते. त्या भरल्या तर माझं मूळ भाडं वसूल झाल्यावर जे वर राहील ते तुम्हाला परत पाठवेन. जितक्या लवकर कॅन्सल कराल तितकी शक्यता जास्त. कॅन्सल तुमच्याच खात्यातून करावं लागेल."

या मेसेजमध्ये कारण विचारलेलं नाही. पूर्वी मी कागदपत्रं मागायची: दवाखान्याची चिठ्ठी, रद्द झालेलं तिकीट. त्यातून झालं काय, तर खरोखर आजारी असलेल्याला मी अवघडवलं आणि ज्याला कागद बनवता येतो त्याला पूर्ण पैसे दिले. शिवाय ती चिठ्ठी खरी की खोटी हे मला कळणार कसं? आता कारण काहीही असो, नियम एकच: रात्र भरली तर पैसे, नाही भरली तर नाही. लोक हे पटकन स्वीकारतात. त्यांच्यावर अविश्वास दाखवलेला नसतो, आणि आपण दोघं एकाच बाजूला येतो. एका पाहुण्यांनी तर आपल्याच मित्राला माझ्या घराची लिंक पाठवून त्या रात्री भरून दिल्या.

पाहुण्यांनी कॅन्सल केलं की लगेच कॅलेंडरकडे वळा. किमान रात्रींची अट सैल करा. तीन रात्रींची अट असेल आणि मधल्या दोनच रिकाम्या असतील, तर तुमचं घर शोधात दिसतच नाही. दर थोडा उतरवा, पण एकदम पाडू नका. त्याच तारखांना आधी विचारणा करून गेलेले कुणी असतील तर त्यांना मेसेज टाका. दुसऱ्या साइटवरचं कॅलेंडर त्या तारखा अजून बंद दाखवतंय का तेही बघा. जोडलेली कॅलेंडरं एकमेकांना कळवायला कधीकधी तासन् तास घेतात.

आता हिशोब. एका रात्रीचं भाडं १०० धरा. चार रात्री, म्हणजे ४००. चेक-इनच्या नऊ दिवस आधी कॅन्सल, पॉलिसीनुसार निम्मे परत, माझ्याकडे राहिले २००. चारपैकी तीन रात्री पुन्हा गेल्या, १५ टक्के उतरवून ८५ दरानं: २५५. एकूण ४५५. मूळ बुकिंग ४०० चं होतं, म्हणजे ५५ मी त्या पाहुण्यांना पाठवते. ते मी ठेवले असते तरी कुणी विचारलं नसतं. पण एकाच रात्रीचे दोघांकडून घेऊन मूळ भाड्याच्या वर कमवणं मला रुचत नाही, आणि हे ५५ मिळालेले पाहुणे पुढच्या वेळी थेट मलाच मेसेज करतात. फक्त एकच रात्र भरली असती तर २८५ झाले असते आणि मी काहीच पाठवलं नसतं. तेही त्यांना तसंच्या तसं कळवते, आकड्यांसकट.

पैसे परत न देताही काही मार्ग असतात: तारीख पुढे ढकलणं, रात्री कमी करणं, त्यांच्या जागी त्यांच्या नात्यातलं कुणी येणं. यातलं काहीही मान्य करण्याआधी साइटच्या बदलाच्या पानावर नवी रक्कम आणि नवी कॅन्सलेशन मुदत काय दाखवतेय ते वाचा, मगच स्वीकारा.

कधीतरी धमकी येते: "पूर्ण पैसे नाही दिले तर वाईट रिव्ह्यू टाकेन." रागावून उत्तर देऊ नका. रिफंडसाठी रिव्ह्यूची धमकी देणं एअरबीएनबीच्या रिव्ह्यू धोरणाच्या विरुद्ध आहे, आणि ते वाक्य इनबॉक्समध्ये लेखी पडलं असेल तर तुमची बाजू भक्कम होते. म्हणूनच फोनवर बोलायचं टाळावं.

न कळवता न येणारे आणि अर्ध्यातून निघणारे

न येणाऱ्यांना इंग्रजीत 'नो-शो' म्हणतात आणि आपणही तेच म्हणतो. चेक-इनची वेळ उलटून गेली, फोन लागत नाही. मेसेज टाका, थांबा, पण घर दुसऱ्याला देऊ नका. बुकिंग चालू आहे तोवर ते पाहुणे पहाटे चारलाही दारात उभे राहू शकतात. बुकिंग डॉट कॉमवर नो-शो नोंदवायला ठरावीक मुदत असते. ती चुकली तर न आलेल्या पाहुण्यांचं कमिशनही लागू शकतं. कार्ड चालत नसेल तर ते अवैध म्हणून आधीच नोंदवायचं, नो-शो होईपर्यंत वाट बघत बसायचं नाही.

अर्ध्यातून निघणाऱ्यांचे दोन प्रकार. त्यांचा बेत बदलला असेल तर वरचाच नियम. पण गरम पाणी नाही, कुलूप बिघडलंय, लिस्टिंगमध्ये लिहिलेली एखादी सोय नाहीच, अशा कारणानं निघत असतील तर तो कॅन्सलेशनचा विषय नाहीच, ती आपली चूक आहे, आणि पॉलिसी कितीही कडक असली तरी तिच्या आड लपता येत नाही. एअरबीएनबीवर अशी अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत पाहुण्यांना कळवता येते. तक्रार आली की दुरुस्तीवाल्याला आधी फोन, मग पाहुण्यांना वेळ सांगणारा मेसेज, आणि गेलेल्या रात्रींचे पैसे आपणहून.

पायरी ७: पॉलिसी बाजूला पडते तेव्हा

१४ मार्च २०२० हा दिवस जुने होस्ट विसरलेले नाहीत. कोविडच्या सुरुवातीला एअरबीएनबीनं त्या तारखेपर्यंत झालेल्या बुकिंगना, जवळच्या चेक-इनसाठी, होस्टच्या पॉलिसीकडे न बघता पूर्ण रिफंड दिला. ज्यांनी 'स्ट्रिक्ट' लावून त्या पैशांवर घराचे हप्ते धरले होते त्यांच्या हाती शून्य आलं. त्याच महिन्याच्या शेवटी कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी होस्टची माफी मागितली आणि २५ कोटी डॉलर बाजूला काढले, त्यातून पॉलिसीनुसार मिळाले असते त्याच्या २५ टक्के होस्टना देण्याचं ठरलं.

आज एअरबीएनबीवर जून २०२४ पासून लागू झालेलं मोठ्या आपत्तींचं धोरण आहे. मुक्कामाच्या ठिकाणी नैसर्गिक आपत्ती, सरकारनं घातलेली प्रवासबंदी, जाहीर झालेली आरोग्य आणीबाणी, युद्धजन्य स्थिती, वीज-पाण्यासारख्या सेवा मोठ्या भागात ठप्प होणं, अशा वेळी पाहुण्यांना पूर्ण रिफंड मिळतो आणि तुमची पॉलिसी लागू होत नाही. पाहुण्यांचं आजारपण किंवा रद्द झालेलं विमान यात बसत नाही. हा फरक माहीत असला की दोन्हीकडून चूक टळते: वादळात अडकलेल्याशी पॉलिसीवरून हुज्जत घालत नाही, आणि विमान चुकलेल्याला 'साइटच देईल' अशी खोटी आशा लावत नाही. त्यांच्यासाठी पायरी ६.

या पायरीतून मी घेतलेला धडा पैशांचा आहे. चेक-इन होऊन पेआउट खात्यात येईपर्यंत, एअरबीएनबीवर ते साधारण चेक-इननंतर २४ तासांनी निघतं, बुकिंगची रक्कम मी खर्चात धरत नाही. थेट बुकिंगचा ॲडव्हान्स वेगळ्या खात्यात ठेवते आणि चेक-इन झाल्यावरच काढते. रिफंड द्यायची वेळ येते तेव्हा पैसे तिथेच असतात, कुणाकडे मागावे लागत नाहीत.

आपल्यालाच रद्द करावं लागलं तर

नळ फुटला, घरात अडचण आली, दोन साइटवर एकच तारीख गेली. होतं असं. एअरबीएनबीवर होस्टनं रद्द केल्यास चेक-इनला ३० दिवसांहून जास्त असतील तर बुकिंगच्या १० टक्के, ३० दिवस ते ४८ तासांच्या मध्ये २५ टक्के आणि त्यानंतर ५० टक्के शुल्क लागतं, किमान ५० डॉलर. सुपरहोस्ट (चांगल्या होस्टना एअरबीएनबी देतं तो दर्जा) राहायचं तर आपल्या बाजूनं रद्द होण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आत लागतं. पाहुण्यांनी केलेली कॅन्सलेशन त्यात मोजत नाहीत. खरं कारण असेल, पाणी भरल्याचे फोटो असतील, तर बटण दाबण्याआधी साइटच्या मदत विभागाशी बोला, शुल्क माफ होऊ शकतं. आणि सुरुवातीला सांगितलेला तो गोड मेसेज आला, 'तुमच्या बाजूनं करा' असा, तर आता काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे.

नोंदवही

प्रत्येक कॅन्सलेशननंतर मी पाच गोष्टी लिहिते: किती दिवस आधी, कोणत्या साइटवरून, किती रात्री पुन्हा भरल्या, कोणत्या दरानं, शेवटी किती रिफंड गेला. कारणाचा रकाना नाही. दर सहा महिन्यांनी मधला आकडा पुन्हा काढते. मागच्या वेळी हंगामाचा आकडा ४८ वरून ३९ वर आलेला दिसला, लोक उशिरा बुक करायला लागलेत. या हंगामात म्हणून मी पूर्ण रिफंडची मुदत ६० दिवसांवरून ४५ वर आणलीय, फक्त थेट बुकिंगला. साइटवर ४५ चा पर्याय मिळत नाही, तिथे अजून ६० च आहे.